ओट्याखालची पावलं

१

उन्हं कलल्यावर जैनबबीने विहिरीत बादली सोडली. दोर ओढून ती वर घेतली, तर पाण्यावर मोरपिसासारखे रंग फिरत होते. तिने नाक जवळ नेलं आणि घाबरून बादली लांब कुंपणापाशी ओतून दिली. पाण्याला घासलेटाचा वास येत होता.

सन एकोणीसशे त्रेसष्टचा वैशाख होता. अमरावतीत नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार येई. अशा दिवसांत गोड्या पाण्याची विहीर नासणं म्हणजे घरात मयत झाल्यासारखंच. जैनबबीच्या ओरडण्याने शेजारपाजार गोळा झाला. घरमालक जानराव धोतर सावरत धावत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धर्मपाल मास्तरांना निरोप धाडला : असाल तसे या.

धर्मपाल त्या घराचा होऊ घातलेला मालक होता. सोमवारी खरेदीखत व्हायचं होतं.

तो एका हायस्कुलात विज्ञान शिकवी. नाल्याकाठच्या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत तो, बायको शालू, दोन मुली आणि म्हातारी आई मैनाबाई असे पाचजण राहत. कोणत्या भागात घर घ्यावं, या एका गोष्टीवर नवराबायकोचं वर्षभर बोलणं चाले. दर रविवारी दोघं सायकलवर डबलसीट निघत आणि शहराची एकेक बाजू पाहून येत. स्टेशनाकडे धूर फार होता. आपल्या समाजाची नवी वसाहत उठत होती तिथं माणसं आपली होती, पण रस्ता नव्हता, दिवा नव्हता आणि मुलींना शाळेसाठी अर्धं गाव ओलांडावं लागलं असतं. शेवटी दोघांचं मन या घरावर बसलं. तीन खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर. मुलींची शाळा हाकेच्या अंतरावर.

या भागाला पूर्वी पिंजारपुरा म्हणत. जवळची कापसाची जिनिंग बंद पडली, तिच्या जमिनीचे प्लॉट पडले, ओव्हरसियर, वकील, डॉक्टर आले, आणि बघता बघता पिंजाऱ्यांच्या टिनाच्या खोपड्या एकेक करून उठल्या. आता कोपऱ्यावर पाटी होती, नवजीवन कॉलनी. पिंजाऱ्यांपैकी एकच घर उरलं होतं. जानरावांच्या मागच्या अंगणातल्या टिनात राहणारा अब्दुल रहीम आणि त्याची बायको जैनबबी.

"पाहा मास्तर, आपल्या डोळ्यानं पाहा," जानराव विहिरीकडे बोट करत म्हणाले. ते अकोल्याला मुलाकडे राहायला जाणार होते, बांधाबांध झालेली होती. "हे त्या रहीमचंच काम. घर इकलं की जागा सोडा लागते ना! जळफळून राह्यला तो. रविवारी त्याचं सामान रस्त्यावर फेकतो का नाई पाहा."

"पुरावा काय, जानरावजी?"

"पुरावा? अजी, दुसरं कोण येते इथं?"

धर्मपालने पाण्यात वाकून पाहिलं. रहीमने हे केलेलं नाही, हे जानरावांना ठाऊक नसलं तरी त्याला पक्कं ठाऊक होतं. घर पाहायला आला त्याच दिवशी त्याने रहीमला शब्द दिला होता, "चाचा, तुमची जागा तुमची. मी कोणाले उठवत नाई." हा सौदा व्हावा असं शहरात ज्याला सगळ्यात जास्त वाटत होतं, तो माणूस रहीम होता.

"रविवारपर्यंत थांबा," तो म्हणाला. "कोणं केलं ते मी दाखवून देतो."

२

रहीम सावलीत बसून जुन्या गादीचा कापूस पिंजत होता. मास्तरांना पाहून त्याने पिंजण खाली ठेवली. त्याच्या दाढीत कापसाचे तंतू अडकले होते.

"मास्तर, अल्ला कसम," तो म्हणाला, "ज्या विहिरीचं पानी पिऊन माहे लेकरं मोठे झाले, तिच्यात मी घासलेट टाकीन? आन् घासलेट आनू कुठून? रेशनवर भेटते तेवढं दिव्याले पुरत नाई."

"काल दुपारी कुठं होता चाचा?"

"तिकडं सक्करसाथीच्या बाजारात. शादीच्या गाद्या भरून राह्यलो होतो. पन माह्यावर इश्वास कोन ठेवते? या कॉलनीत मी डोळ्यात गेलेल्या कचऱ्यासारखा हाओ. काढल्याशिवाय यायले चैन नाई."

धर्मपाल तिथून उठला तो थेट शेजारच्या बंगल्यात गेला. तिथं खुशालराव राहत, रिटायर्ड ओव्हरसियर. त्यांची विहीर स्वतंत्र होती.

"या मास्तर, या. इथंच बसा अंगणात, आत फार गरम होते." खुशालरावांनी खुर्ची ओसरीच्या बाहेर मांडायला लावली. चहा आला. मास्तरांना काचेच्या पेल्यात, खुशालरावांना कपबशीत. धर्मपालने ते पाहिलं आणि चहा प्यायला. असे पेले त्याच्या ओळखीचे होते.

"तुम्ही कशासाठी आले ते मले समजलं," खुशालराव म्हणाले. "मी तोंडावर बोलणारा माणूस. जानरावले मी सांगितलं होतं, का घर माह्या भाच्याले दे. मास्तर सज्जन माणूस आहे, शिकलेला आहे, पण आपली माणसं आपल्यात बरी असतात."

"म्हणजे मी आलेलो तुम्हाला नको."

"नको म्हणजे... तुमाले तरी करमलं असतं का इथं?" खुशालराव हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "पण पाण्यात घासलेट? मास्तर, मी जन्मभर सरकारी विहिरी खोदवल्या. चार टोले देईन माणसाले, पण पाणी नासवणार नाई."

धर्मपाल बाहेर पडला तेव्हा त्याची खात्री झाली होती. हेतू यांचा, सोय यांची, नुकसान यांचं काही नाही. त्याने रागाने फाटक ओढून घेतलं. घर मिळो न मिळो, या माणसाला चारचौघांत उभं करायचंच, असं ठरवून तो घरी गेला.

त्या संध्याकाळी घरात दिवा नव्हता. शालू पुटपुटत रिकामी बाटली हलवून पाहत होती. "परवाच तर भरून आणली होती. माय म्हणतात, हातातून सांडली. फरशीवर तर डागही नाई."

रागात असलेल्या माणसाला आपल्या घरातलं बोलणं ऐकू येत नाही. धर्मपाल अंधारातच भाकर खाऊन झोपला.

३

वर्गात तो मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असे. आधी डोळे भरून पाहा, नंतर तोंड उघडा. जो आधीच उत्तर ठरवून पाहतो, त्याला तेच दिसतं. शनिवारी सकाळी शाळा सुटल्यावर तो विहिरीजवळ एकटा उभा राहिला, आणि आपण स्वतः हेच केलं, हे त्याच्या ध्यानात आलं. आपण विहीर नीट पाहिलीच नव्हती.

विहिरीभोवती दगडी ओटा होता. ओट्याच्या मधोमध गुडघाभर उंचीचा कठडा, वर रहाट. सांडलेलं पाणी वाहून जाई त्या बाजूला आळूचा वाफा होता, मऊ काळ्या मातीचा.

कठड्याच्या बाहेरच्या अंगावर घासलेटाचा काळपट डाग होता. ओट्यावरही होता, कठड्यापासून वाफ्याकडे ओघळलेला. आळूची चारदोन पानं तुडवली गेली होती आणि मातीत अनवाणी पावलं उठली होती, टाचा खोल रुतलेली.

धर्मपाल वाफ्याकडे पाहत मनातल्या मनात शिकवू लागला, समोर मुलं बसल्यासारखं.

ओतणारा ओट्यावर चढला असता तर कठड्याशी उभा राहून बाटली सरळ आत उपडी करता आली असती. बाहेर थेंब सांडला नसता. पण तो ओट्याखाली, आळूत उभा राहिला आणि लांबून हात ताणून बाटली फेकल्यासारखी ओतली. निम्मं आत गेलं, निम्मं दगडावर पडलं.

का बरं? पावलं उमटू नयेत म्हणून? पण कोरड्या दगडावर पाऊल उमटत नाही, ओल्या मातीत उमटतं. लपायचं असतं तर माणूस दगडावर उभा राहिला असता. हा तर दगड सोडून चिखलात उभा राहिला.

खुशालराव असते, त्यांचा गडी असता, तर बेधडक वर चढला असता. जन्मभर विहिरीवर चढणाऱ्याला ओटा दिसतसुद्धा नाही. आणि रहीमच्या घरचे तर दिवसातून दहादा चढतात.

मग दुसरी गोष्ट. घासलेटच का? ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. दहा हातांवरून वास येतो. ते चुकून कोणी पिणार नाही. ज्याने हे केलं, त्याला पाणी नासवायचं होतं पण माणूस मारायचा नव्हता. उलट, कोणाच्या पोटात जाऊ नये याची त्याने काळजी घेतली होती.

ऊन डोक्यावर आलं होतं. उत्तर कुठंतरी जवळच उभं होतं आणि त्याच्याकडे वळून पाहायचा धर्मपालला धीर होईना.

४

जैनबबी टिनाच्या दारात गोणपाटाच्या पडद्याआड बसली होती. मास्तर आलेले पाहून तिने पदर सावरला.

"भाभी, परवा दुपारी अंगणात कोणी आलं होतं काय?"

"नाई भैया. दुपारी कोन येते? कुत्रंबी नाई फिरत एवढ्या धुपीत." मग ती थांबली. "एक बुढी आली होती. पानी प्यायले."

"कोण बुढी?"

"काय मालूम. अनवानी होती बिचारी, पाय भाजून राह्यले होते. हातात थैली होती. मने, माय, पानी दे. मी लोटा भरून दिला तं घेईना. खाली बसली, ओंजळ केली आन् मने, वरून वाढ."

धर्मपाल दारासमोर खाली बसला.

"मी मनलं, घे ना अम्मा लोटा हातात, आमच्या घरी असं काई नाई. तं हसली. मने, राहू दे माय, हाताले सवय हाय. मंग पानी पेली आन् पुसलं, हे याच विहिरीचं काय? मी मनलं, हो. मने, लय गोड हाय." जैनबबी क्षणभर आठवत राहिली. "इथले लोक कसे हायेत, तेबी पुसलं. मी आपली दुखियारी, जे होतं ते सांगून टाकलं. कसं आमच्या लोकायले एक एक करून उठवलं, कसं माह्या पोराले त्या बाजूच्या बंगल्यातून हाकललं. मंग मी आत येऊन झोपली. ती बसली होती झाडाखाली."

"हे तुम्ही जानरावांना सांगितलं नाही?"

"काहून सांगू?" जैनबबीने नवलाने पाहिलं. "जिनं पानी मागून पेलं, ती पानी नासवन काय, भैया?"

५

शालू मुलींना घेऊन बाजारात गेली होती. मैनाबाई ओसरीत बसून ज्वारी पाखडत होती. धर्मपाल तिच्यासमोर भिंतीला टेकून बसला. सुपाचा आवाज थोडा वेळ चालला आणि मंद झाला. पोरगा बोलत नाही म्हणजे काहीतरी आहे, हे तिला त्याच्या लहानपणापासून माहीत होतं.

"माय," तो म्हणाला, "ओट्यावर काहून नाई चढली?"

सूप थांबलं.

तिने नाकारलं नाही, घाबरलीही नाही. ज्वारीतला एक खडा शोधून बाजूला टाकला. "पाय नाई उठला रे."

"ते आता आपलंच घर होणार होतं."

"हो ना. मनाले माईत होतं. पायाले नाई."

धर्मपालने डोळे मिटले. वीस वर्षं तो शिकत होता, शिकवत होता. बाबासाहेबांच्या मागे सगळा समाज उठून उभा राहिला होता, घरातले देव बदलले, बोलण्याची तऱ्हा बदलली. आणि भर दुपारी, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, त्याच्या आईचे पाय एका दगडाच्या हातभर उंचीशी अडले होते.

"काहून केलं मग?"

मैनाबाईने सूप खाली ठेवलं. "तुह्या बापाले तू कुठं पाह्यलं? तू इथं कालेजात होता. मी काठावर होती."

ते दोघं त्या विषयावर कधी बोलत नसत. दर्यापूरकडच्या त्यांच्या गावात, दीक्षा घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात, वस्तीने स्वतःच्या हातांनी विहीर खोदली होती. पहिलं पाणी लागलं त्या दिवशी साखर वाटली. महिन्याभराने कोणीतरी तिच्यात मेलेलं जनावर टाकलं. धर्मपालचे वडील देवमन ती साफ करायला दोर धरून आत उतरले. खालच्या कोंदट हवेने त्यांना वर येऊ दिलं नाही.

"तू मले ते घर दाखवाले नेलं, तवा मी फाटकातूनच पाह्यलं," मैनाबाई म्हणाली. "तुले घर दिसलं, मले विहीर दिसली. मी मनलं, उद्या याइच्या मनात आलं तं? मंग कोण उतरन आत? तूच उतरशीन. तुह्या बापासारखाच हाये तू, दुसऱ्याले उतरू देणार नाई." तिचा आवाज बारीक झाला. "मनलं, घ्यायच्या आधीच नासली तं सौदा मोडन. पोराइले तू पेल्यात घासलेट दाखवलं होतं ना, वर तरंगते मनून? मी चुलीपाशी आयकून राह्यली होती. वरचं वर काढता येते. कोणाले आत उतरा लागत नाई."

"आणि पाणी आधी प्यायली."

"हो." तिने पदराने तोंड पुसलं. "तुह्या विहिरीचं पाणी एकदा तरी पेऊन पाहावं, असं वाटलं मले. लय गोड होतं रे."

आता धर्मपालला राग यायला हवा होता. पण रागवायला समोर कोणी सापडेना. पेला पुढे करणारा खुशालराव त्याला दिसला, गावातलं ते नाव नसलेलं कोणीतरी दिसलं, आणि त्यांच्यामध्ये, सुपाशी, हात मांडीवर ठेवून त्याची आई बसली होती.

"माय, त्या रहीमचाचाले उद्या घराबाहेर काढून राह्यले. त्याच्यावर आळ आला."

मैनाबाईने झटकन मान वर केली. हे तिला माहीत नव्हतं. "त्या बाईच्या घरधन्यावर? जिनं मले पाणी पाजलं?"

तो उठला. ती काही म्हणाली असती, पण त्याने थांबून ऐकलं नाही.

६

रविवारी सकाळी विहिरीजवळ चौघे उभे होते. जानराव, खुशालराव, रहीम आणि धर्मपाल. रहीमच्या दोन ट्रंका आधीच दाराबाहेर आलेल्या होत्या.

रात्रभर धर्मपालने दोन्ही बाजू तोलून पाहिल्या होत्या. खरं सांगितलं तर रहीम सुटला असता. पण ते खरं या अंगणात पडलं की त्याचं काय होईल, हे त्याला दिसत होतं. देवमनचं मरण कोणी ऐकणार नव्हतं. "त्यांच्याच म्हातारीनं केलं" एवढंच कॉलनीभर फिरलं असतं.

"सांगा मास्तर," जानराव म्हणाले. "कोणं केलं?"

"मी."

रहीमने चमकून वर पाहिलं.

"पाण्यात डासांच्या अळ्या दिसल्या होत्या," धर्मपाल संथपणे म्हणाला, वर्गात म्हणतो तसं. "घासलेटाचा थर दिला की अळ्या मरतात. पुस्तकात आहे. गुरुवारी दुपारी येऊन ओतलं. जास्त पडलं. चूक माझी. रहीमचाचांचा यात काही संबंध नाही."

खुशालराव आधी पाहतच राहिले आणि मग पोट धरून हसले. "अजी, डबक्यात टाकतात ते! पिण्याच्या विहिरीत? शिकवता काय पोराइले मास्तर?" हसता हसता ते जानरावांकडे वळले. "मी तुले काय सांगत होतो?"

धर्मपालने खाली मान घातली नाही. समोर जैनबबी पडद्याशी उभी होती. त्या दुपारी अंगणात कोण आलं होतं आणि कोण आलं नव्हतं, हे त्या सगळ्यांत तिला एकटीला माहीत होतं. तिने मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हळूहळू तिच्या डोळ्यांत उमज आली, आणि मग पाणी आलं. तिने तोंड उघडलं नाही. पुढे होऊन एक ट्रंक उचलली आणि आत नेऊन ठेवली.

जानराव वाईट माणूस नव्हते. ते धर्मपालला फाटकापर्यंत सोडायला आले. "मास्तर, मी तुमच्यासाठी या सगळ्यायचं आयकून घेतलं. पण आता... विहीर उपसाले दिवस लागतीन. सोमवारचं राहू द्या. पुढं पाहू."

"रहीमचाचा?"

"घर इकेपर्यंत राहीन तो. पुढचा मालक काय करन, ते मी कसं सांगू?"

पुढचा मालक कोण, ते दोघांनाही माहीत होतं. खुशालराव अजून विहिरीपाशी हसत उभे होते.

धर्मपाल सायकल हातात धरून पायीच घरी आला. दारात मैनाबाई तयार होऊन उभी होती. धुतलेलं लुगडं, तेल लावून विंचरलेले केस, आणि पायात शालूच्या चपला. मागे शालू उभी होती, तिचे डोळे सुजलेले. म्हातारीने तिला सगळं सांगितलं असावं.

"चाल," मैनाबाई म्हणाली. "मले ने तिथं. मी रात्रभर इचार केला. त्या माणसाले माह्यापायी कोणी काढू नाई. मी सांगतो सगळ्यायच्या समोर, का मी केलं. ओट्यावर चढून सांगतो. आन् मंग आपण तिथंच राहू. भेवून भेवून किती भेवा, बाप्पा? तुह्या पोरी तं नाई भेत."

धर्मपालने सायकल भिंतीला लावली. ती नीट उभी राहीपर्यंत तो तिच्याकडेच पाहत होता.

"चाचाले कोणी काढलं नाई, माय."

"मंग बरं झालं. चाल."

"घर गेलं."

मैनाबाईला नीट समजलं नाही. तिने शालूकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "काहून? तू काय सांगितलं त्यायले?"

"मी ओतलं म्हणून सांगितलं."

तिने दाराची चौकट धरली. "तू खोटं बोलला," ती म्हणाली. "तू तं पोराइले शिकवतो."

शालू पुढे झाली आणि तिने सासूच्या दंडाला धरलं. मैनाबाईने वाकून पायांतल्या चपला काढल्या. सकाळपासून घालून होती, सवय नसल्यामुळे अंगठ्याशी फोड आला होता. तिने चपला हाताने पुसल्या, एकमेकींना जोडून शालूच्या जागेवर ठेवल्या, आणि अनवाणी आत गेली.